सहा आठवड्यांच्या बाळाला टीएपीव्हीसी: 'वजन वाढू दे, मग ऑपरेशन' हे कितपत बरोबर?

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगी सहा आठवड्यांची. जन्माच्या वेळी वजन २.८ किलो होतं, आज ३.१. दूध ओढताना दम लागतो, कपाळाला घाम येतो, मध्येच सोडून देते. दोनदा 'न्यूमोनिया' म्हणून ॲडमिट झाली. दुसऱ्या वेळी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना शंका आली, सॅच्युरेशन ८६ निघालं आणि टूडी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आला: सुप्राकार्डिअक टीएपीव्हीसी (फुफ्फुसाच्या सगळ्या शिरा चुकीच्या जागी, हृदयाच्या वरच्या बाजूने जोडलेल्या), अडथळा नाही, एएसडी (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक) मोठं, फुफ्फुसाचा दाब वाढलेला. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या. घरी आजीचं म्हणणं, एवढ्याशा जिवाला चिरायचं नाही, पाच किलोची होऊ दे. शिवाय त्यांनी विचारलंय की गरोदरपणात तीन सोनोग्राफी झाल्या तरी हे दिसलं कसं नाही, ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात, पुढे मुलगी इतर मुलांसारखी राहील का, पुढच्या बाळालाही हे होईल का, आणि पैशांचं काय.

लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पण उत्तराचा गाभा आधी सांगतो: वजनासाठी थांबू नका. या आजारात थांबून वजन वाढत नाही.

का ते समजण्यासाठी तिच्या छातीत काय चाललंय ते बघू. एरवी प्रत्येक फुफ्फुसातून दोन, अशा चार शिरा शुद्ध रक्त घेऊन हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात उघडतात. तिथून ते खालच्या डाव्या कप्प्यात आणि मग सगळ्या शरीरात जातं. तुमच्या मुलीच्या चारपैकी एकही शीर तिथे पोचलेली नाही. चारही शिरा हृदयाच्या मागे एका आडव्या पिशवीत एकत्र येतात. त्या पिशवीतून एक उभी शीर डाव्या बाजूने वर चढते, मानेखालच्या आडव्या शिरेला मिळते आणि सगळं शुद्ध रक्त परत उजव्या कप्प्यात आणून सोडते. म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही रक्त उजवीकडेच जमा. डाव्या बाजूला मिळतं ते फक्त दोन कप्प्यांमधल्या भोकातून पलीकडे गेलेलं मिसळलेलं रक्त. सॅच्युरेशन ८६ आहे ते म्हणूनच.

नातेवाईक रिपोर्टवरचा 'एएसडी' हा शब्द ओळखतात आणि सांगतात, आमच्या शेजारच्या मुलाच्या हृदयाला पण भोक होतं, आपोआप बुजलं. इथे ते भोक हा आजार नाहीच. मुलगी आज जिवंत आहे ती त्या भोकामुळे. ते बुजलं किंवा अरुंद झालं तर शरीराला रक्त पुरवायला वाटच उरणार नाही.

आता वजन. निरोगी बाळ जन्मानंतरचा पहिला आठवडा-दहा दिवस सोडले की रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं. सहा आठवड्यांत किलोभर तरी वाढायला हवं होतं, तुमची मुलगी ३०० ग्रॅम वाढली. तिच्या फुफ्फुसांतून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रक्त वाहतंय, फुफ्फुसं ओली आणि जड झालीत, श्वास घेणं हेच मेहनतीचं काम झालंय. पोटात गेलेलं दूध त्या मेहनतीत खर्च होतं. असं बाळ पाच किलोचं व्हायची वाट बघणारे आईवडील बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांनी त्याच वजनाचं, पण जास्त आजारी बाळ घेऊन येतात. मधल्या काळात एक-दोन वेळा व्हेंटिलेटर झालेला असतो, फुफ्फुसाचा दाब आणखी चढलेला असतो आणि ऑपरेशनची जोखीम वाढलेली असते. ऑपरेशन न केलेल्या टीएपीव्हीसीच्या बाळांपैकी साधारण ऐंशी टक्के बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत, हे जुन्या काळच्या नोंदींवरून सगळ्या पाठ्यपुस्तकांत आलेलं आहे.

आजींचा सल्ला मात्र हवेतून आलेला नाही. नुसतं एएसडी असेल तर आम्हीच सांगतो, तीन-चार वर्षांचं होऊ द्या. खालच्या कप्प्यांमधलं भोक असेल तर औषधांवर काही महिने काढतो, कारण काही भोकं खरंच लहान होतात. कुणाच्या तरी बाबतीत ते त्यांनी ऐकलं असेल. त्यांना समजावताना 'तुम्हाला कळत नाही' असं म्हणू नका. हा वेगळा आजार आहे, इथे शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या आहेत आणि त्या वयाबरोबर सरकून जागेवर येत नाहीत, एवढं सांगा. शक्य असेल तर आजींनाही ओपीडीत घेऊन या. निर्णय त्यांच्या संमतीशिवाय होत नाही अशी बरीच घरं मी बघतो, आणि समोरासमोर बोलल्यावर त्याच सगळ्यांत खंबीर उभ्या राहतात.

थांबायचं ते एकाच कारणासाठी. आत्ता अंगात जंतुसंसर्ग असेल, ताप असेल, छातीत खरोखरचा न्यूमोनिया असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत काही दिवस. तेही हॉस्पिटलमध्ये, फ्युरोसेमाइडसारखं लघवीचं औषध आणि नळीने दूध चालू ठेवून. घरी नव्हे.

'अडथळा नाही' हे शब्द रिपोर्टवर आहेत, ते तुमचं नशीब. पण ते आजच्या तारखेचे आहेत. वर चढणारी ती उभी शीर फुफ्फुसाच्या डाव्या धमनीच्या आणि डाव्या श्वासनलिकेच्या मधून जात असेल तर तिथे चेपली जाऊ शकते. फुफ्फुसाचा दाब वाढला की धमनी फुगते आणि चेपणं वाढतं. भोक अरुंद पडलं तरी अडथळ्यासारखाच परिणाम होतो. अडथळा असलेला टीएपीव्हीसी कसा दिसतो ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. यात सगळ्यांत वाईट प्रकार खाली जाणारा: शीर वर चढण्याऐवजी छाती आणि पोटामधला पडदा ओलांडून पोटात उतरते आणि यकृताच्या शिरांना मिळते. तिथे जवळपास नेहमीच रक्त तुंबतं. बाळ जन्मल्यावर काही तासांत निळं पडतं, एक्स-रेवर फुफ्फुसं पांढरी धुरकट आणि हृदय लहानसं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसाच्या आजारासारखंच चित्र असल्यामुळे ते 'फुफ्फुसाचं' म्हणून उपचार घेत राहतं, आणि ऑक्सिजन कितीही वाढवला तरी सॅच्युरेशन हलत नाही. अशा बाळाला औषधांनी फार काळ सांभाळता येत नाही. निदान रात्री झालं तर ऑपरेशनही रात्रीच होतं. तुमच्या मुलीला हे झालेलं नाही आणि होण्याआधी पोचायचं आहे, म्हणून डॉक्टर घाई करतायत.

ऑपरेशनआधी एक गोष्ट विचारून घ्या: चारही शिरा एकोमध्ये वेगवेगळ्या दिसल्या का? याला महत्त्व आहे, कारण काही बाळांत तीन शिरा एकीकडे आणि चौथी भलतीकडे उघडते. त्याला मिश्र प्रकार म्हणतात आणि तो आधी माहीत नसेल तर टेबलावर पंचाईत होते. लहान मुलांच्या हृदयाच्या अनुभवी तज्ज्ञाने केलेला एको बहुतेक वेळा पुरतो. कुठे शंका राहिली तर सीटी अँजिओ करतात. एक्स-रेवर 'स्नोमॅन'सारखी आठच्या आकड्याची सावली असते असं तुम्ही कुठे वाचलं असेल, पण ती मोठ्या बाळांत दिसते. सहा आठवड्यांच्या बाळात दिसली नाही म्हणून निदान चुकत नाही.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. छातीच्या मधल्या हाडातून उघडतात, बाळाला हार्ट-लंग मशीनवर घेतात आणि शरीर थंड करतात. किती थंड करायचं हे सर्जनगणिक बदलतं. काही जण १८ अंशांपर्यंत नेऊन थोडा वेळ रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात, काही जण एवढं खाली न जाता मशीनचा प्रवाह कमी करून काम करतात. थांबवण्याची भीती वाटते हे मला माहीत आहे. त्या तापमानाला मेंदूची ऑक्सिजनची गरज अगदी कमी झालेली असते आणि काम अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आटोपायचं असतं. ही पद्धत जगभर अनेक दशकं वापरात आहे.

शिरांची पिशवी हृदयाच्या मागे असते, त्यामुळे तिथे पोचणं हाच निम्मा प्रश्न. कुणी हृदयाचं टोक उचलून उजवीकडे वळवतं, कुणी महाधमनी आणि वरच्या महाशिरेच्या मधून वरून जातं, कुणी उजवा कप्पा उघडून आतूनच काम करतं. मी स्वतः शिरांची ठेवण बघून ठरवतो. मग पिशवीवर आणि डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर समोरासमोर चीर घेऊन दोन्ही तोंडं एकमेकांना शिवायची. तीन किलोच्या बाळात ही जोडणी दोन सेंटिमीटरच्या आसपास लांबीची असते. धागा ७-० नंबरचा, डोळ्यांना भिंग लावल्याशिवाय धड दिसत नाही असा. शिरेची भिंत ओल्या टिश्यू पेपरसारखी: जास्त ओढलं तर फाटते, कमी ओढलं तर गळते. सलग धागा जास्त आवळला तर तोंड बटव्यासारखं आखडतं, म्हणून आम्ही प्रत्येक फेऱ्याचा ताण राखत जातो.

यात एक बारकावा आहे. हृदय उचललेलं असताना सगळं सरळ दिसतं, पण ते परत जागेवर ठेवलं की जोडणीला पीळ पडू शकतो. म्हणून हृदय रक्ताने भरलेलं आणि जागेवर असतानाच चीर कुठे, कोणत्या दिशेने घ्यायची ते आधी ठरवून खूण करून ठेवायची. नवीन सर्जनांना शिवण शिकवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ही दिशा शिकवायला लागतो. जोडणी झाली की कप्प्यांमधलं भोक बाळाच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावून बंद करतात. वर चढणारी जादा शीर बहुधा बांधून टाकतात. फुफ्फुसाचा दाब फार असेल तर काही सर्जन ती काही काळ उघडी ठेवतात, यावर आमच्यातच एकमत नाही.

ही शस्त्रक्रिया नवी नाही. १९५१ मध्ये लॉस एंजेलिसला म्युलर यांनी या शिरा डाव्या कप्प्याच्या कडेला जोडून पहिला अर्धा मार्ग काढला. १९५६ च्या सुमारास अमेरिकेतच लुईस आणि वार्को यांनी शरीर थंड करून, आणि मेयो क्लिनिकमध्ये कर्कलिन यांनी हार्ट-लंग मशीनवर, पूर्ण दुरुस्ती केली. तरी त्यानंतर बरीच वर्षं अगदी लहान बाळांत मृत्यूचं प्रमाण भयानक होतं. ते खाली आलं त्याचं श्रेय फक्त आम्हा शिवणाऱ्यांना देऊ नका. एकोमुळे निदान लवकर व्हायला लागलं, बाळ पिळवटून जायच्या आत टेबलावर यायला लागलं आणि नंतरचा आयसीयू सुधारला.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस खरी परीक्षा असते. डाव्या बाजूला आजवर पूर्ण रक्त मिळालंच नव्हतं, त्यामुळे ते कप्पे लहान आणि कडक असतात. अचानक सगळं रक्त आलं की त्यांची दमछाक होते. म्हणून पाणी अगदी मोजून देतात, लघवीचा थेंबन् थेंब लिहितात, आणि बाळ सुजलेलं दिसलं तरी 'सलाइन का वाढवत नाही' असं विचारू नका, ते मुद्दामच असतं. दुसरी भीती फुफ्फुसाच्या दाबाच्या झटक्याची. नळीतून कफ काढताना किंवा बाळ रडल्यावर दाब एकदम चढतो, सॅच्युरेशन आणि रक्तदाब दोन्ही कोसळतात. त्यासाठी बाळाला झोपवून ठेवतात, गरज पडली तर फुफ्फुसाचा दाब उतरवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू देतात, पुढे त्याच कामाचं सिल्डेनाफिल हे औषध. काही बाळांची छाती पहिल्या दिवशी शिवत नाहीत, वर पातळ पडदा लावून एक-दोन दिवसांनी बंद करतात. हे आईवडिलांना आधी सांगितलेलं नसलं की भेटीच्या वेळी चक्कर येते. तुम्ही आधी विचारून ठेवा.

जोखमीचा आकडा सगळे विचारतात. अडथळा नसलेला, हृदयात दुसरा दोष नसलेला टीएपीव्हीसी, अनुभवी केंद्र: ऑपरेशनमध्ये किंवा त्यानंतर दगावण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत. अडथळा असलेलं, व्हेंटिलेटरवर आलेलं नवजात बाळ असेल तर हा आकडा कितीतरी पटीने वाढतो. आणि ज्या बाळांत प्लीहा नसते, अवयवांची डावी-उजवी बाजूच उलटसुलट असते आणि हृदयाला एकच कामाचा खालचा कप्पा असतो, त्यांची गोष्ट फार वेगळी आणि अवघड आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये तसं काही नाही. सगळे प्रकार एकत्र धरले तर काय होतं याचा एक मोठा अभ्यास ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनमधल्या केंद्रांनी मिळून केला. १९९८ ते २००४ मध्ये जन्मलेली ४२२ बाळं त्यात होती, आणि तीन वर्षांनंतर सुमारे ८५ टक्के जिवंत होती. त्या ८५ मध्ये तुमच्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त आजारी असलेली बाळंही आली, हे लक्षात घ्या.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला वाटतं डिस्चार्ज कार्डावर ती ठळक लिहायला हवी. सुमारे १५ टक्के मुलांमध्ये जोडणीपाशी किंवा आतल्या शिरांमध्ये नंतर अरुंदपणा आला. हा बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात दिसतो. ऑपरेशन नीट झालेलं असतं, बाळ हसायला लागलेलं असतं, घरचे 'आता काय, झालं ते झालं' म्हणून तपासणी टाळतात, आणि तेव्हाच हे सुरू होतं. लक्षणं जुनीच: श्वास वाढणं, दूध कमी होणं, वजन थांबणं, पुन्हा एकदा 'न्यूमोनिया'. टीएपीव्हीसीचं ऑपरेशन झालेल्या बाळाला पहिल्या वर्षात न्यूमोनिया म्हटला की आधी एको, मग अँटिबायोटिक, असं मी आमच्याकडच्या प्रत्येक आईवडिलांच्या फाइलवर लिहून देतो. गावातल्या डॉक्टरांना तो कागद दाखवा, ते रागावणार नाहीत.

अरुंदपणा लवकर कळला तर उपाय आहे. शिरेच्या कापलेल्या कडेला थेट टाके घातले की त्या टाक्यांच्या जागी व्रण वाढतो, असं लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात पॅरिसच्या आणि टोरंटोच्या सर्जनांनी वेगळी युक्ती काढली. शीर उघडून मोकळी सोडायची आणि तिच्या कडेला हात न लावता भोवतीच्या हृदयाच्या आवरणाला डावा कप्पा शिवायचा. रक्त आवरणाच्या त्या कोनाड्यातून कप्प्यात जातं. काही सर्जन आता अवघड ठेवणीच्या बाळांत पहिल्याच ऑपरेशनला हे करतात. फुगा घालून शीर रुंद केली तर आराम पडतो, पण बहुधा तात्पुरता. फुफ्फुसाच्या आतपर्यंत सगळ्या शिरा आकसत गेल्या तर मात्र आजही आमचे हात तोकडे पडतात. त्यासाठी सिरोलिमससारखी औषधं काही केंद्रांत वापरली जातायत.

म्हणून तपासणीचं वेळापत्रक पाळा: डिस्चार्जनंतर दोन आठवडे, सहा आठवडे, मग तीन, सहा, नऊ आणि बारा महिने, दर वेळी एको. तुमचे डॉक्टर थोडं वेगळं सांगतील, त्यांचं ऐका, पण पहिलं वर्ष एकही खेप चुकवू नका. वर्ष सुखरूप गेलं की नंतर वर्षातून एकदा पुरतं. हृदयाचे ठोके अनियमित होण्याची तक्रार क्वचित मोठेपणी येते, म्हणून पूर्ण सुट्टी कधी देत नाही. बाकी शाळा, पळापळी, कबड्डी, लग्न, बाळंतपण, यातल्या कशालाही आडकाठी राहत नाही. 'मुलगी आहे, पुढे कसं होणार' अशी कुजबुज घरात सुरू झाली असेल तर ती इथेच थांबवा.

घरी आल्यावर सहा आठवडे छातीचं हाड जुळत असतं. काखेत हात घालून उचलायचं नाही, मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घेऊन उचलायचं. छातीवर तेलमालीश नको, अंघोळ घालणाऱ्या मावशींना हे नीट सांगा, नाहीतर सवयीने हात फिरतो. धुरी आणि शेगडी पूर्ण बंद. लोबान, ओवा, काहीही नाही. या फुफ्फुसांना धूर अजिबात चालत नाही. दूध आईचंच, दमत असेल तर काढून वाटी-चमच्याने. बाळगुटी नको. लसी चालू ठेवायच्या, फक्त ऑपरेशनमध्ये रक्त दिलेलं असतं म्हणून गोवराची लस कधी द्यायची ते विचारून घ्या.

सोनोग्राफीचा राग मी समजू शकतो, पण पोटात हा दोष दिसणं खरंच कठीण. गर्भाच्या फुफ्फुसांतून रक्त अगदी थोडं वाहतं, त्यामुळे शिरा बारीक असतात आणि हृदयाचे चार कप्पे बऱ्याचदा साधारण दिसतात. गर्भाचा खास एको करणाऱ्या माणसाने शिरा एकेक करून शोधल्या, डाव्या कप्प्याच्या मागे नको एवढी मोकळी जागा दिसली, तर संशय येतो. नेहमीच्या सोनोग्राफीत तो सुटला म्हणून कुणी निष्काळजी होतं असं होत नाही. जन्मानंतर मात्र एक सोपी चाळणी आहे. चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. ९० च्या खाली आलं तर लगेच एको. ९५ च्या खाली, किंवा हात-पायात ३ पेक्षा जास्त फरक असेल, तर पुन्हा मोजायचं आणि तसंच राहिलं तर एको. पाच मिनिटांचं काम. सगळी टीएपीव्हीसी त्यात सापडत नाहीत, कारण काहींचं सॅच्युरेशन ९५ च्या आसपास असतं, पण ८६ वालं बाळ सुटणार नाही. आपल्याकडे अजून कितीतरी प्रसूतिगृहांत हे होत नाही, याची मला चीड आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, कारण दोन रिपोर्टांची गल्लत फार होते. सुरुवातीचं अक्षर टी ऐवजी पी असेल, म्हणजे पीएपीव्हीसी, तर चारपैकी एक-दोनच शिरा चुकल्यात. तो घाईचा आजार नाही. बहुतेकदा उजव्या फुफ्फुसाची वरची शीर वरच्या महाशिरेत उघडते आणि जोडीला वरच्या भागात भोक असतं. चार-पाच वर्षांच्या वयात, कधी चाळिशीतही सापडतं. वॉर्डन पद्धतीने महाशिरेची वाट बदलून किंवा आतून पडदा लावून ते दुरुस्त करतात आणि निकाल उत्तम लागतात. हृदयाचा ठोका जिथून निघतो ती जागा जवळच असते, तेवढी जपावी लागते. आणखी दुर्मीळ म्हणजे सिमिटार: उजव्या फुफ्फुसाची शीर खाली वळून खालच्या महाशिरेला मिळते, एक्स-रेवर तिची तलवारीसारखी वाकडी सावली पडते, उजवं फुफ्फुस लहान असतं आणि हृदय उजवीकडे सरकलेलं. मोठ्यांमध्ये सापडलं आणि त्रास नसेल तर कित्येकदा फक्त लक्ष ठेवतो. तान्ह्या बाळात फुफ्फुसाच्या दाबासकट सापडलं तर ते गंभीर. पोटातल्या महाधमनीतून त्या फुफ्फुसाला येणारी जादा धमनी बऱ्याचदा कॅथलॅबमध्ये, म्हणजे छाती न उघडता नळी घालून, बंद केली तरी बाळ सावरतं आणि शिरेचं ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

पैसे. उद्या सकाळी तुमच्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, एकोचा रिपोर्ट दाखवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नाव नोंदवा. अंगणवाडी आणि शाळांमधून मुलं तपासणारी पथकं याच कार्यक्रमाची. त्यातून आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून, ज्याला लोक अजून 'जीवनदायी' म्हणतात, मान्यताप्राप्त रुग्णालयात ऑपरेशन मोफत होऊ शकतं. रेशनकार्ड, आईवडिलांची आधारकार्डं आणि बाळाचा जन्मदाखला लागेल. जन्मदाखला अजून काढला नसेल तर आजच अर्ज करा, बहुतेकांचं तिथेच अडतं. रुग्णालयात पोचल्यावर आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर आधी जा. वरचा खर्च उरला तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक ट्रस्ट यांच्याकडे अर्ज करता येतो, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक फॉर्म भरून देतात. खारघर आणि रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांत मुलांची हृदयाची ऑपरेशनं विनाशुल्क होतात, पण नंबर कधी लागेल ते विचारून घ्या. तुमच्या मुलीला महिनाभराची तारीख चालणार नाही. रुग्णालय निवडताना इमारत बघू नका. लहान बाळांची अशी ऑपरेशनं तिथे नियमित होतात का आणि रात्री आयसीयूत मुलांच्या हृदयाचा डॉक्टर हजर असतो का, हे दोन प्रश्न विचारा.

पुढच्या बाळाचं विचारलंत. एका मुलाला जन्मजात हृदयदोष असला की पुढच्याला कुठला ना कुठला दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के धरतात. काही मोजक्या घराण्यांत टीएपीव्हीसी पुन्हा दिसतो, पण बहुतेकदा तो एकटादुकटाच असतो. तुम्ही काही खाल्लं, ग्रहण पाळलं नाही, यातून तो येत नाही. पुढच्या वेळी अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचा एको करा आणि करणाऱ्याला आधीच सांगा की फुफ्फुसाच्या शिरा बघायच्या आहेत.

निघताना एकोची सीडी, दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डं आणि चालू औषधं बरोबर घ्या. आधी फोन करून बेड आहे याची खात्री करा, मग निघा. पुणं असो, मुंबई असो की हैदराबाद, लातूरहून रात्रभराचा प्रवास आहे. ऑक्सिजनची सोय असलेल्या ॲम्ब्युलन्सनेच जा, एसटीने नको. वाटेत थोडं थोडं दूध पाजत राहा. ऑक्सिजन लावलाच तर सॅच्युरेशन ८५ ते ९० राहील एवढाच. शंभर दिसावं म्हणून वाढवत नेलं तर फुफ्फुसांत आणखी रक्त धावतं आणि श्वास वाढतो, हे ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना निघण्याआधी सांगून ठेवा. वाटेत ओठ काळेनिळे पडले, बाळ कण्हायला लागलं किंवा हातपाय गार पडले तर पुढचं शहर गाठायचा हट्ट न करता वाटेतल्या मेडिकल कॉलेजमध्ये थांबा.